लस दिली होती, मग झालं कसं?

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर गेल्या मे महिन्यात लॅब्रॅडॉरचं पिल्लू आलं. दहावीचा निकाल चांगला लागला तर कुत्रा घेऊ, असं मुलीने वडिलांकडून वर्षभर आधीच वदवून घेतलं होतं. पिल्लू पंचेचाळीस दिवसांचं झालं तेव्हा पहिलं इंजेक्शन झालं. डॉक्टरांनी छोट्या पुस्तकात कुपीवरचं लेबल चिकटवलं, सही केली, पुढची तारीख घातली. आता काळजी नाही, म्हणून त्या रविवारी सगळी मंडळी त्याला घेऊन माहीमच्या चौपाटीवर गेली. पिल्लू वाळूत लोळलं, भटक्या कुत्र्यांच्या मागे धावलं, कुणीतरी टाकलेलं शहाळं चाटून आलं.

पुढच्या शनिवारी त्याने खाणं सोडलं. रात्री दोनदा फेसाळ उलटी झाली आणि पहाटे रक्ताचे जुलाब सुरू झाले. पार्व्हो या विषाणूच्या जुलाबाला एक वास असतो. एकदा नाकात गेला की विसरता येत नाही. मी सोबत दवाखान्यात गेले होते. पिल्लाच्या पुढच्या पायाला सुई लावून वर निळी पट्टी गुंडाळली होती आणि ते मान टाकून पडलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू टॉवेलच्या टोकाने त्याचं तोंड पुसत होत्या आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "लस दिली होती ना हो? मग झालं कसं?"

पाच दिवसांच्या सलाईननंतर पिल्लू वाचलं. पण काकूंचा प्रश्न रास्त होता, आणि दवाखान्याच्या त्या घाईत त्यांना त्याचं उत्तर कुणी नीट दिलं नाही. मला ते द्यावंसं वाटतं, कारण एकदा ते कळलं की पुस्तकातल्या तारखांचा अर्थच बदलतो. आणि मराठी घरात ते समजावणं सोपं आहे, कारण उत्तर चिकात आहे. खरवसाच्या चिकात.

चिकातला उसना पहारा

गाय व्यायल्यावर पहिले दोन-तीन दिवस येणारं दाट, पिवळसर दूध म्हणजे चीक. तो वाफवला की आपोआप घट्ट होतो आणि वडी पडते. साध्या दुधाची अशी वडी होत नाही. फरक प्रथिनांचा. चिकात ती कितीतरी पटींनी जास्त असतात आणि त्यातली बरीचशी असतात प्रतिपिंडं, म्हणजे रोगजंतूला ओळखून त्याला चिकटणारे, त्याला निकामी करणारे कण. आईने आयुष्यात जे जे रोग झेलले किंवा ज्यांच्या लसी घेतल्या, त्या सगळ्यांवरची प्रतिपिंडं ती चिकातून वासराला देते. कुत्रीचंही तसंच.

माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडं पोटात असतानाच नाळेतून मिळतात. कुत्रीच्या वारेतून मात्र फार थोडी पलीकडे जातात. पिल्लू जवळजवळ कोऱ्या पाटीने जन्माला येतं आणि त्याची सगळी भिस्त चिकावर असते. त्यातही वेळेची मर्यादा आहे. जन्मल्यावर साधारण एक दिवसभर पिल्लाच्या आतड्याची दारं उघडी असतात आणि प्रतिपिंडं आख्खीच्या आख्खी रक्तात जाऊ शकतात. त्यानंतर दारं मिटतात. मग प्यायलेला चीक नुसता पचतो.

ही प्रतिपिंडं म्हणजे सोसायटीने एजन्सीकडून आणलेले वॉचमन समजा. कामाला चोख, पण कंत्राटी. पिल्लाचं शरीर नवे वॉचमन भरती करत नाही आणि जुने हळूहळू कमी होत जातात. पार्व्होच्या बाबतीत साधारण दर नऊ-दहा दिवसांनी त्यांची संख्या निम्मी होते. आज चौसष्ट असतील तर दहा दिवसांनी बत्तीस, वीस दिवसांनी सोळा.

लस काय करते? लशीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो आत शिरतो, थोडा वाढतो, रोग करत नाही, पण इमारतीतल्या पोरांना, म्हणजे पिल्लाच्या स्वतःच्या पेशींना, चोर कसा दिसतो ते शिकवून जातो. लस म्हणजे सरावासाठी पाठवलेला तोतया चोर. त्याला बघून घरचीच पोरं तयार होतात, आणि ती कायमची इथली असतात, कंत्राटी नव्हेत.

आता घोळ कुठे होतो ते पाहा. गेटवर आईचे वॉचमन भरपूर असतील तर ते तोतयालाही गेटवरूनच हाकलतात. खरा कोण, तोतया कोण, हे त्यांना कळत नाही. पोरांना चोर दिसतच नाही, त्यामुळे ती काही शिकत नाहीत. इंजेक्शन झालं, पुस्तकात लेबल लागलं, पण शरीराच्या लेखी काहीच घडलेलं नाही.

सगळ्यात वाईट काळ त्याच्या पुढचा. वॉचमन कमी होत होत दोन-तीनच उरतात. एकट्यादुकट्या तोतयाला हाकलायला ते पुरेसे असतात, पण चौपाटीच्या वाळूतून खऱ्या विषाणूची टोळी आली तर नाही. या दिवसांत लस लागू पडत नाही आणि रोग मात्र होऊ शकतो. दुसऱ्या मजल्यावरचं पिल्लू बरोबर या दिवसांत वाळूत लोळून आलं होतं.

तीन इंजेक्शनं म्हणजे तीन थर नव्हेत

हा धोक्याचा काळ अमुक दिवशी सुरू होतो आणि तमुक दिवशी संपतो, असं सांगता आलं असतं तर एकाच इंजेक्शनात काम झालं असतं. पण ते पिल्लागणिक बदलतं. एकाच वेतातली पिल्लंही सारखी नसतात. जे धष्टपुष्ट पिल्लू थानाला आधी लागलं त्याला समजा चौसष्ट मापं चीक मिळाला आणि जे मागे ढकललं गेलं त्याला सोळा. चौसष्टाचे सोळा व्हायला वीस दिवस लागतात, म्हणजे सख्ख्या भावंडांची लस लागू पडण्याची वेळ वीस दिवसांनी वेगळी. मागे राहिलेल्याला लवकर लस हवी. धष्टपुष्टाला तीच लस त्या दिवशी फुकट.

प्रत्येक पिल्लाचं रक्त तपासत बसण्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे तोतयाला ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा पाठवायचं. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करायची, दर दोन ते चार आठवड्यांनी एकदा द्यायची आणि पिल्लू किमान सोळा आठवड्यांचं होईपर्यंत थांबायचं नाही. बहुतेकांना वाटतं की पहिल्या इंजेक्शनाने तेहेतीस टक्के संरक्षण, दुसऱ्याने सहासष्ट आणि तिसऱ्याने शंभर. तसं नाही. ते एकाच बंद दारावर तीनदा ठोठावणं आहे. दार कितव्या वेळी उघडलं ते बाहेरून कळत नाही. म्हणून सगळ्यात महत्त्वाचा डोस शेवटचा, सोळा आठवड्यांच्या आसपासचा किंवा नंतरचा, कारण तोवर आईचे वॉचमन जवळजवळ सगळ्या पिल्लांतून गेलेले असतात. आणि नेमका हाच डोस लोक बुडवतात. पिल्लू मोठं दिसायला लागलेलं असतं, जून उजाडलेला असतो, शाळा सुरू झालेली असते.

आपल्याकडे 'लस' हा शब्दच मुळात जखमेतून पाझरणाऱ्या पाण्याचा. देवीची लस एकाच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्याच्या दंडावर जायची. हिंदुस्थानात ती पहिल्यांदा लागू पडली ती मुंबईतच, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. माहीमला शीतलादेवीचं देऊळ आहे. देवीच्या साथीत लेकरांसाठी जिला साकडं घातलं जायचं, तीच ही देवी. देवीचा रोग पृथ्वीवरून गेल्याचं १९८० साली जाहीर झालं. लेडी जमशेदजी रोडने पिल्लाला कडेवर घेऊन दवाखान्यात जाताना त्या देवळावरून गेलं की मला हे दर वेळी आठवतं.

पार्व्हो काय करतो

हा विषाणू १९७८च्या सुमाराला जगाला माहीत झाला आणि दोनेक वर्षांत जगभर पोचला. मांजरांत आधीपासून असलेल्या एका विषाणूचा तो जवळचा भाऊबंद. त्याला वाढायला सतत नव्या होणाऱ्या पेशी लागतात. पिल्लाच्या शरीरात त्या दोन ठिकाणी भरपूर असतात, आतड्यात आणि हाडांच्या मगजात.

आतड्याचं अस्तर म्हणजे टर्किश टॉवेल. त्याच्या फाशांसारखे बारीक उंचवटे अन्न शोषून घेतात, झिजतात, गळतात, आणि तळाशी असलेल्या रोपवाटिकेतून दर काही दिवसांनी नव्या पेशी वर येतात. पार्व्हो या रोपवाटिकेवरच घाव घालतो. जुन्या पेशी गळत राहतात, नव्या येत नाहीत, टॉवेल झिजून उघडा पडतो. मग रक्त, पाणी, क्षार सगळं बाहेर वाहतं आणि आतड्यातले जंतू उलट्या दिशेने रक्तात शिरतात. त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मगजात तयार व्हायच्या, तर तिथेही हाच विषाणू बसलेला. विषाणूला थेट मारणारं औषध दवाखान्यात नसतं. सलाईन, उलटी थांबवणारी औषधं आणि अँटिबायोटिक देऊन पिल्लाला तगवायचं, तोवर रोपवाटिका पुन्हा उभी राहते. वेळेत आणलेली बहुतेक पिल्लं यातून उठतात. दोन दिवस घरी दहीभात भरवत काढले तर ती शक्यता झपाट्याने घटते, कारण लहान अंगातलं पाणी संपायला फार तास लागत नाहीत.

आणि वाळूत तो कसा टिकला? करोनाच्या विषाणूला तेलकट आवरण असतं, म्हणून साबणाने तो विरघळतो. पार्व्होला तसलं आवरण नाही. तो सुपारीसारखा टणक. फिनेल, साबण, स्पिरिट यांच्या भरवशावर राहू नये. मातीत आणि फरशीच्या भेगांत तो महिनोन्महिने राहतो, चपलेच्या तळव्याला लागून लिफ्टने चौथ्या मजल्यावर येतो. ज्या घरात पार्व्होने पिल्लू गेलं तिथे फरशी आधी घासून, मग घरगुती ब्लीच एका भागाला तीस भाग पाणी घालून, ते दहा मिनिटं ओलं ठेवून धुवावं लागतं. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरं काहीही मिसळू नये, विषारी वायू निघतो.

म्हणून पिल्लाला चार महिने कोंडून ठेवायचं का? अजिबात नाही. तीन ते चौदा आठवडे हाच त्याचा जग शिकण्याचा काळ. रिक्षाचा हॉर्न, छत्री, दाढीवाला माणूस, गणपतीचे ढोल, हे तेव्हा शांतपणे अनुभवलं नाही तर पुढे आयुष्यभर तो भ्यायलेला कुत्रा होऊ शकतो, आणि भ्यायलेला कुत्रा चावतो. पिल्लाला कडेवर घ्या, झोळीत घ्या, समुद्रावर न्या, फक्त चारही पाय जमिनीला लागू देऊ नका. लसी पूर्ण झालेल्या ओळखीच्या कुत्र्यांशी घरात खेळू द्या.

चौकट: पुस्तकात काय असायला हवं

सहा ते आठ आठवडे: एकत्रित लशीचा पहिला डोस (पार्व्हो, डिस्टेंपर वगैरे). जंताचं औषध त्याआधीपासून सुरू.
त्यानंतर: सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी.
तीन महिन्यांनंतर: रेबीज. पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, सहसा दरवर्षी.
लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा रोग): दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग दरवर्षी, पावसाआधी.
सहा महिने ते एक वर्ष: एकत्रित लशीचा आणखी एक डोस.
प्रत्येक नोंदीसमोर कुपीचं लेबल, तारीख आणि डॉक्टरांची सही.

दोन कुप्या आणि मिठीचं पाणी

पुढच्या वेळी डॉक्टर इंजेक्शन भरताना नीट बघा. टेबलावर बहुधा दोन कुप्या असतात. एकीत तळाशी पांढरी, वाळलेली वडी, दुसरीत पाणी. डॉक्टर हे पाणी ओढून वडीवर सोडतात, कुपी हलवतात आणि मिश्रण टोचतात. वडी म्हणजे आपला जिवंत तोतया. आणि ते पाणी बरेचदा नुसतं पाणी नसतं, त्यात मेलेले लेप्टोचे जंतू असतात. मेलेला जंतू वाढत नाही, म्हणून तो फार काही शिकवून जात नाही, आणि जे शिकवतो ते लवकर विसरलं जातं. इथे मात्र दोन डोस खरोखरच एकावर एक चढतात आणि दरवर्षी उजळणी लागते. एकाच सुईत दोन वेगळे नियम. डॉक्टर "पार्व्होचं यंदा नको, लेप्टोचं हवंच" म्हणाले तर ते याच कारणाने.

माहीमला लेप्टो हा काही लांबचा विषय नाही. विहार आणि पवईच्या तलावांकडून निघालेली मिठी नदी अठरा-एक किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीत उतरते. भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की पाणी पुढे जायचं थांबतं आणि गटारं उलटी वाहतात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरल्यावर काही दिवसांनी रुग्णालयांत तापाचे, काविळीचे रुग्ण भरले, आणि तेव्हापासून 'लेप्टो' हा शब्द मुंबईच्या रोजच्या बोलण्यात आला.

या रोगाचं कोठार म्हणजे उंदीर आणि घूस. लेप्टोचा जंतू स्प्रिंगसारखा वळलेला असतो. उंदराच्या मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांत तो मुक्काम ठोकतो. उंदराला त्याचा फारसा त्रास होत नाही, पण लघवीवाटे जंतू बाहेर पडत राहतात. कोरड्या, तापलेल्या फरशीवर ते मरतात. ओल्या चिखलात, साठलेल्या पाण्यात आठवडेच्या आठवडे जगतात. मे महिन्यात इमारतीच्या मागच्या बाजूला जे उंदीर फिरत होते तेच जुलैतही असतात, पण आता त्यांची लघवी वाळत नाही, पसरते.

कुत्रा डबक्यातलं पाणी पितो, बोटांमधल्या भिजून मऊ झालेल्या कातडीतून किंवा ओरखड्यातून जंतू आत येतात. आधी ताप, मरगळ, मागचे पाय अवघडल्यासारखं चालणं, उलट्या. मग यकृत आणि मूत्रपिंडं. डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पिवळ्या होतात, लघवी एकदम वाढते किंवा थांबते. पिवळेपणाची वाट पाहू नये. पावसाळ्यात कुत्र्याने दिवसभर खाल्लं नाही आणि अंग गरम लागलं तर त्याच दिवशी रक्त तपासावं. लवकर दिलेलं अँटिबायोटिक मूत्रपिंड वाचवतं. आजारी कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही लागण होते, म्हणून ती हातमोजे घालून पुसायची.

लशीत लेप्टोचे काही ठरावीक प्रकारच असतात, सगळे नव्हे. म्हणून फिरून आल्यावर चारही पाय स्वच्छ पाण्याने धुऊन बोटांमध्ये कोरडे करणं आलंच. आणखी एक साधी गोष्ट, जी मी बऱ्याच घरांत पाहते: कुत्र्याचं भांडं रात्रभर गॅलरीत उघडं राहतं. उरलेल्या पेडिग्रीच्या चार दाण्यांसाठी उंदीर पाइपवरून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो, खातो, शेजारच्या पाण्याच्या वाडग्याच्या काठावरून फिरतो. सकाळी कुत्रा तेच पाणी पितो. रात्री भांडी आत घ्या, बस.

बैलघोड्यांचा दवाखाना

परळला आचार्य दोंदे मार्गावर बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं रुग्णालय आहे. जुने गिरणगावकर त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. १८७४पासून मुंबईत घोड्यांच्या ट्रामा धावू लागल्या, माल बैलगाड्यांवरून जायचा, आणि राबून जायबंदी झालेल्या जनावरांसाठी हे रुग्णालय उभं राहिलं. पारशी गिरणीमालक सर दिनशॉ पेटिट यांनी पत्नीच्या नावाने ते केलं. कुत्र्याविषयी पारशी समाजाची ओढ मुंबईने आधीही पाहिली होती. १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या मोहिमेविरुद्ध फोर्टात दंगल झाली ती पारशांनीच सुरू केली होती. परळच्या याच आवारात १८८६मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याच वर्षी ॲडॉल्फ वाइल या जर्मन डॉक्टरने माणसांत दिसणाऱ्या तापाचं आणि काविळीचं एकत्र वर्णन केलं. ते दुखणं म्हणजे लेप्टोच, हे जपानी शास्त्रज्ञांनी जंतू शोधल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं. बैलघोड्यांसाठी बांधलेल्या त्या आवारात आज कुत्र्या-मांजरांना घेऊन माणसं नंबर लावून बसलेली असतात.

गोचीड काढली, पुन्हा आली

दर रविवारी बसून गोचीड काढायची आणि पुढच्या रविवारी तितकीच सापडायची, हा अनेकांचा अनुभव. कारण कुत्र्यावर दिसते ती फक्त जेवायला आलेली असते. तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा खानावळीत येते, तीन वेगळ्या वयांत, आणि दर वेळी पोटभर रक्त पिऊन घरी निघून जाते. तिचं घर म्हणजे दाराच्या चौकटीची फट, स्कर्टिंगच्या लाद्यांमागची पोकळी, पलंगाचा सांधा. तिथेच मादी हजारोंनी अंडी घालते. आपण खानावळीतले गिऱ्हाईक उचलतो, वस्ती तशीच राहते.

म्हणून हल्ली महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोळी देतात. औषध कुत्र्याच्या रक्तात राहतं, जेवायला येणारी गोचीड ते रक्त पिऊन मरते, आणि काही महिन्यांत वस्ती ओस पडते. ज्या कुत्र्याला फिट्स येतात त्याच्यासाठी ही गोळी चालेल का, ते डॉक्टरांना आधी विचारावं. हाताने काढायचीच झाली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. बोटांनी चिरडायची नाही, रॉकेल ओतायचं नाही.

गोचिडीच्या लाळेतून एर्लिचिया नावाचा जंतू येतो आणि पांढऱ्या पेशींमध्येच घर करतो. मग प्लेटलेट उतरतात. डेंग्यूमुळे हा शब्द आपल्याला पाठ झालाय. इथेही तेच, नाकातून रक्त, पोटावर जांभळे ठिपके. कुत्रा आठवडाभर मलूल राहून मग बरा वाटला तरी जंतू आत दबा धरून असतो आणि काही महिन्यांनी हाडांच्या मगजावर उलटतो.

मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे

कुत्र्याच्या मानेवर घालायचं गोचिडांचं थेंब-औषध मांजरावर घालू नये. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजराला झटके येऊन ते मरू शकतं. त्याहून घराघरातला धोका क्रोसिनचा. आपलं यकृत त्यातल्या पॅरासिटामॉलला एक शेपटी जोडून लघवीवाटे बाहेर काढतं. ही शेपटी जोडणारी यंत्रणा मांजराकडे नावापुरतीच आहे. औषध साठतं, विषारी होतं, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते. हिरड्या चॉकलेटी दिसू लागतात, चेहरा आणि पंजे सुजतात. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी एका मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे. मायेपोटी, ताप आलाय म्हणून दिलेली.

पुन्हा एकदा उसने पहारेकरी

रेबीजबद्दल सगळ्यांना माहीत आहे असं वाटतं, पण त्यामागचं गणित पिल्लाच्या चिकासारखंच आहे, म्हणून सांगते. हा विषाणू रक्तातून फिरत नाही. चाव्याच्या जागी काही काळ स्नायूत राहतो, मग नसेत शिरतो आणि वायरीतून जावं तसा हळूहळू मेंदूकडे सरकतो. याला सहसा आठवडे लागतात. एकदा मेंदूत पोचून लक्षणं दिसली की जवळजवळ कुणी वाचत नाही. पण तो वाटेत असताना आपल्याला अवधी मिळतो. लुई पाश्चरने १८८५ साली जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला वाचवलं ते याच अवधीत.

चावा लागला की आधी वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटं धुवायचं. रेबीजच्या विषाणूला पार्व्होसारखं टणक कवच नाही, तेलकट आवरण आहे, त्यामुळे साबण त्याला खरोखर मारतो. हळद, चुना, मिरची काही नाही. मग दवाखाना. लशीमुळे घरची पोरं तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर तेवढ्या दिवसांसाठी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन जखमेभोवतीच देतात. हे पुन्हा कंत्राटी वॉचमन. आणि पिल्लाच्या बाबतीत जे झालं ते इथे होऊ नये म्हणून त्यांची मात्रा मोजून देतात आणि लशीच्या पहिल्या डोसला आठवडा उलटला तर देतच नाहीत. जास्त वॉचमन आले तर पोरं शिकणार नाहीत.

घरच्या कुत्र्याला रेबीज येतो गल्लीतून, म्हणून गल्लीतल्या कुत्र्यांची लस ही आपल्याही घराची लस आहे. वस्तीतल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस असली तर साखळी तुटते. २००१पासूनच्या केंद्राच्या नियमांनुसार भटक्या कुत्र्याची नसबंदी करून, रेबीजची लस देऊन त्याला सहसा आणलं त्याच जागी सोडतात. त्याची खूण म्हणजे कानाच्या टोकाला कापलेली खाच. ही खाच सांगते की लस एकदा झाली; यंदाची झाली की नाही, ते सांगत नाही.

आमच्या गेटवर जी काळी कुत्री बसते तिच्या डाव्या कानाला ती खाच आहे. गेल्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पुढाकार घेतला, सोसायटीने वर्गणी काढली, डॉक्टर खाली आले. वॉचमनकाकांनी तिला पोत्यावर बसवून मानेला हात घातला, काकूंनी बिस्किट धरलं, आणि सुई टोचली ते तिला कळलंही नसेल. तिला पुस्तक नाही. म्हणून कुपीचं लेबल वॉचमनच्या रजिस्टरमध्ये चिकटवलं आहे, पाण्याच्या टँकरच्या नोंदीखाली, आणि शेजारी पुढच्या वर्षीची तारीख.